लडाखला घरासकट: जाताना श्रीनगर, येताना मनाली

भाईंदरजवळ काशिमिऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की मोटारहोम थेट दिल्लीपर्यंत जाते. खरी निवड त्यापुढे. लेहला जाणारे दोन्ही रस्ते चारशे-सव्वाचारशे किलोमीटरचे, पण स्वभाव वेगळा. श्रीनगरकडून झोजीला खिंड (सुमारे ३,५०० मीटर) ओलांडली की मुक्कामाला कारगिल, उंची जेमतेम २,७०० मीटर. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. पुढे लामायुरूची पिवळसर, पाण्याने कोरलेली माती दिसते; तिथे घाई करू नये.

मनालीकडून अटल बोगद्याने (९.०२ किमी, २०२०) रोहतांग टळतो, पण बारालाचा ला आणि ५,३०० मीटरवरचा तांगलांग ला टळत नाहीत. मधला मुक्काम सरचूला, तोही ४,२०० मीटरच्या वर. समुद्रसपाटीवरून निघालेल्या भाईंदरकराने पहिली रात्र तिथे काढणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. देखावा मात्र याच वाटेचा सरस, म्हणून ती परतीला ठेवावी. मनालीकडून येताना टांडी गावानंतर पंप विरळ, डिझेलची टाकी तिथे येण्याआधीच भरावी. लेहहून निघतानाही तेच.

मोटारहोममधल्या स्वयंपाकघरासाठी एक सूचना: लेहच्या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघू नका, कुकर घ्या.