आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अग्निशमन दलावर होणारा खर्च इतर नागरी खर्चांहून वेगळ्या जातीचा असतो. रस्त्याचा उपयोग रोज दिसतो, पाण्याचा तर घटकेघटकेला जाणवतो. अग्निशमन दलाला मात्र ज्या दिवशी कोठेही धावावे लागत नाही, तो दिवस शहराच्या दृष्टीने सर्वांत चांगला. येथे नागरिक पैसे मोजतात ते सज्जतेसाठी. या सज्जतेचे दुर्दैव असे की, तिच्यात केलेली काटकसर आग लागेपर्यंत कोणाच्या नजरेस येत नाही. पुणे महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिकामा राहिला, त्याचे एक मूळ या अदृश्यतेत आहे.

वस्तुतः कायद्याच्या बाजूने संदिग्धता काहीच नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात अग्निशमन दल बाळगणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचा समावेश आहे. मिळकतकराच्या देयकात तर अग्निशमन कराची स्वतंत्र ओळ असते. म्हणजे नागरिक या सेवेसाठी वेगळा पैसा देत आले आहेत. तो पैसा पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळला की त्याचे पुढे काय झाले, हे सामान्य करदात्यास कळण्याची सोय राहत नाही.

2025-26 साठी आयुक्तांनी मांडलेले पालिकेचे अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचे होते. एवढ्या मोठ्या आकड्यात काही शे जवानांचा पगार बसू नये, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तथापि प्रश्न केवळ रकमेचा नाही. उत्पन्न कोणत्या प्रकारचे आहे, याला अधिक महत्त्व आहे. 1 एप्रिल 2013 रोजी पुण्यातील जकात गेली व स्थानिक संस्था कर आला. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पालिकेच्या वाट्यास राज्याकडून मिळणारी भरपाई आली. दरवर्षी ती आठ टक्क्यांनी वाढते. शहर मात्र त्या टक्केवारीला विचारून वाढत नाही. उरलेल्या उत्पन्नाचा मोठा भाग बांधकाम परवानग्यांच्या शुल्कातून येतो. हे शुल्क एकदाच मिळते. त्या परवानगीने उभी राहणारी उत्तुंग इमारत मात्र पुढील पन्नास-साठ वर्षे अग्निशमन दलावर भार टाकीत राहते. उत्पन्न एका वर्षाचे आणि दायित्व दोन पिढ्यांचे, असा हा विषम व्यवहार आहे.

याच्या जोडीला राज्य शासनाची एक अट आहे. आस्थापनेवरील खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांहून अधिक होता कामा नये. अवाजवी नोकरभरतीला आळा घालण्याचा हेतू योग्यच आहे. पण या मोजमापात कचेरीतील कारकून आणि शिडीवर चढणारा जवान यांत भेद राहत नाही. नवा बंब घेतला तर तो भांडवली खर्च ठरतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. तो चालविणारा माणूस नेमला की तो मात्र आस्थापनेचा बोजा ठरतो. केंद्राने 2023 मध्ये सुरू केलेल्या पाच हजार कोटी रुपयांच्या अग्निशमन योजनेचाही भर केंद्रे, प्रशिक्षण आणि साधनसामग्री यांवर आहे.

मनुष्यबळाचा हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास 168. एका माणसाचे कामाचे तास 48. म्हणजे एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण धरता चार. एका बंबावर सहा जण हवेत असे मानले, तर एका बंबामागे चोवीस माणसे झाली. पालिकेने 2023 मध्ये 320 पदांची जाहिरात दिली, तीत 200 पदे एकट्या फायरमनची होती. अनुशेष किती साचू दिला गेला, याची कल्पना यावरून यावी.

हा अनुशेष सर्वाधिक जाचतो तो शहराच्या कडेला. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. अग्निशमन केंद्र मात्र जागा, इमारत, बंब व माणसे यांखेरीज उभे राहत नाही. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण अशा वेळी शब्दशः खरी ठरण्याचा धोका असतो. 2017 मध्ये समाविष्ट झालेल्या उरुळी देवाची येथे 9 मे 2019 च्या पहाटे कपड्यांच्या दुकानास आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. दार बाहेरून बंद होते. अशा ठिकाणी बंब कितीही त्वरेने आला तरी उशीरच होतो. तेथे उपयोगी पडते ती आधीची तपासणी. पुढे 2024 मध्ये ते गाव पालिकेतून वगळण्यात आले. हद्दीची रेघ सरकली, म्हणून आगीचा धोका सरकत नाही.

राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने आगीपासून संरक्षणाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. परंतु कागदावर चालू असलेला पंप प्रत्यक्षात चालतो की नाही, हे पाहण्यासही माणूसच लागतो. जवान रिकामे बसून राहतात, असा आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर येथेच मिळते. दोन वर्द्यांमधील वेळ तपासणीसाठी आणि सरावासाठी आहे. शिवाय हे दल केवळ आगीचे राहिलेले नाही. सप्टेंबर 2019 मधील आंबिल ओढ्याचा पूर असो वा जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी असो, माणसे बाहेर काढण्यास हेच जवान धावले.

पैसा कोठून आणावा, या प्रश्नास इतिहासात उत्तरे आहेत. लंडनमध्ये आग विझविण्याचे काम दीर्घकाळ विमा कंपन्यांची पथके करीत. 1861 च्या टूली स्ट्रीटवरील प्रचंड आगीनंतर हा भार त्यांना पेलवेना. 1865 च्या कायद्याने सार्वजनिक दल स्थापन झाले, तेव्हा त्याच्या खर्चासाठी स्थानिक कर व सरकारी अनुदान यांबरोबरच विमा कंपन्यांनी दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे 35 पौंड द्यावेत असे ठरले. ज्यांची हानी टळते त्यांनी वाटा उचलावा, हे तत्त्व आजही विचारार्ह आहे.

पुण्यापुरते तीन उपाय तातडीने करण्यासारखे आहेत. अग्निशमनाच्या नावाने जमणारा प्रत्येक रुपया स्वतंत्र निधीत ठेवावा. बांधकाम परवानगीच्या वेळी मिळणाऱ्या अग्निशमन शुल्काचा काही भाग कायम ठेव म्हणून गुंतवून त्याचे व्याज वेतनासाठी वापरावे. आणि 35 टक्क्यांच्या मर्यादेतून अग्निशमन जवानांना वगळण्यासाठी पालिकेने शासनाकडे आग्रह धरावा. यांपैकी एकाही उपायासाठी नवा कर लागत नाही.

अंदाजपत्रकावरील चर्चेत उड्डाणपूल आणि सुशोभीकरण यांना वेळ मिळतो, तसाच एका प्रश्नालाही मिळाला पाहिजे: गेल्या वर्षी अग्निशमन कर किती जमला, आणि त्यातून किती जवान उभे राहिले? हे दोन आकडे दरवर्षी शेजारी शेजारी छापून प्रसिद्ध झाले, तर ही काटकसर आग लागेपर्यंत झाकून राहणार नाही.