सिमेंटचं परमिट आणि प्रतिभेची देणगी

1981 साली सातारा जिल्ह्यातल्या नीरेकाठच्या शिरवळमध्ये घराची भिंत बांधायची तर गवंड्याच्या आधी परमिट शोधावं लागे. सिमेंटवर सरकारचं पूर्ण नियंत्रण होतं. भाव सरकारी, वाटपही सरकारी. अर्ज करायचा, पुरवठा खात्यात खेटे घालायचे, आणि दम निघाला नाही तर काळ्या बाजाराची वाट धरायची. त्यामुळे 31 ऑगस्ट 1981 ला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं जे छापलं, त्यातली मेख नीरेकाठच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लेख होता पत्रकार अरुण शौरींचा, रोख होता मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर. अंतुल्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ काढलं होतं. हेतू वरकरणी देखणा : साहित्यिक आणि कलावंतांना मदत. पण देणगीदारांत गुणग्राहक रसिक कमी आणि बिल्डर व साखर कारखाने जास्त. प्रतिभेची एवढी कदर या मंडळींना एकाएकी कुठून आली, हाच खरा प्रश्न होता.

शौरींच्या लेखाची ताकद विशेषणांत नव्हती, कागदांत होती. एका हाताला देणगीचा धनादेश, दुसऱ्या हाताला सिमेंट मंजुरीचा आदेश. दोन्ही शेजारी ठेवले की व्यवहार आपोआप बोलू लागतो. बिल्डरला नियमित कोट्याबाहेरचं सिमेंट मिळे, प्रतिष्ठानला पैसे.

या प्रकरणाला आपण मुंबईचा घोटाळा म्हणतो, ते मला अर्धवट वाटतं. बिल्डर मुंबईचे होते, पण साखर कारखाने काही नरिमन पॉइंटला नव्हते. सहकारी कारखान्याचा पैसा म्हणजे शेवटी ऊस घालणाऱ्या सभासदाचा पैसा. कारखान्यांच्या मागण्या मंत्रालयात अडकलेल्या असताना त्यांच्याकडून देणग्या घेतल्या गेल्या, हा पुढे फौजदारी खटल्यातला मोठा मुद्दा ठरला. सातारा-सांगलीच्या वाचकानं ही बातमी परक्या शहराची म्हणून वाचायचं कारणच नव्हतं.

बातमीनं मात्र मुख्यमंत्री पडले नाहीत. चार महिने ते टिकून राहिले. पा. बा. सामंत, मृणाल गोरे अशी मंडळी उच्च न्यायालयात गेली आणि 12 जानेवारी 1982 ला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. (जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त औषधामुळे झालेल्या मृत्यूंची चौकशी पुढे केली तेच हे लेंटिन.) मग राजीनामा आला. खुर्चीवर बसले सातारा जिल्ह्यातले बाबासाहेब भोसले आणि 1983 मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील.

फौजदारी बाजू भाजपचे रामदास नायक यांनी लावून धरली, आणि तिथे सगळं रेंगाळलं. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेशच चुकीचा ठरवला. अंतुले पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले. त्यांचं चित्र नुसतं काळं रंगवणंही बरोबर नाही. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली, आणि तिचा आधार गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना झाला.

अंतुल्यांच्या राजीनाम्यानंतर महिना-दीड महिन्यात, फेब्रुवारी 1982 मध्ये, केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. कारखान्यांना मालाचा काही भाग खुल्या बाजारात विकायची मुभा मिळाली आणि मंत्र्याच्या सहीचा भाव उतरू लागला.