हयातीतला कागद

देवणीचे जनावर घेताना आमच्याकडचा शेतकरी आधी त्याचा वंश विचारतो. वानेरा की बालंक्या की शेवरा, आई कोणाच्या गोठ्यातली, हे कळल्याशिवाय दावे हातात घेत नाही. त्याच घरात ‘आपल्यामागे जमिनीचे काय?’ हा प्रश्न मात्र अभद्र ठरतो. मृत्युपत्राचा विषय मी जिथे जिथे काढला, तिथे ‘आत्ताच कशाला?’ हेच उत्तर ऐकले. या ‘आत्ताच कशाला’ची किंमत बहुधा घरातल्या बाईला मोजावी लागते.

तीन गोष्टींनी सारे मिटले, असा आपला समज असतो: सातबारा, तोंडी वाटणी आणि बँकेतले नॉमिनेशन. तिन्ही अपुऱ्या आहेत.

सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत. केवळ नोंदीने मालकी जन्माला येत नाही. पण नोंद नसली तर पीककर्ज अडते, अनुदान अडते. तरुण मुलगा जातो आणि सातबारा सासऱ्याच्याच नावावर असतो. जमीन सासऱ्याने स्वतः विकत घेतलेली असेल, तर त्याच्या हयातीत सुनेला तिच्यात वाटा नाही. वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या हिश्श्यात तिचा हक्क येतो. पण तो बजावायला तिला एकटीला तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत फिरावे लागते.

तोंडी वाटणीत बहिणी सहसा नसतातच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या हक्कासाठी २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. नुसत्या तोंडी वाटणीचा बचाव सहजी मानला जाणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

नॉमिनेशनचे उदाहरण तर प्रत्येक मराठी भिंतीवर टांगलेले आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या गुंतवणुकीतल्या नॉमिनींचा हक्क मोठा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि डिसेंबर २०२३मध्ये निकाल लागला: नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, ती वारसा कायद्याने ठरते. साळगावकरांनी मृत्युपत्र केले होते. तरीही दहा वर्षे गेली. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्या घरचा अंदाज वाचकांनी करावा.

हिंदू व्यक्ती मृत्युपत्र न करता गेली, तर १९५६च्या कायद्याने पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आईचा वाटा अनेकांना ठाऊकच नसतो. मृत्युपत्र स्वकष्टार्जित मालमत्तेचे आणि वडिलोपार्जित मालमत्तेतल्या आपल्या हिश्श्यापुरतेच करता येते; साऱ्या घराच्या जमिनीचे नाही. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही.

कागद अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. सही किंवा अंगठा, आणि तो पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि वाटेकरी नसलेले असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवावी. गट क्रमांक, खाती, देणी आणि कर्ज स्पष्ट लिहावे. मन बदलले तर नवे करता येते. शेवटचे ग्राह्य धरतात. हयातीतच वाटणी करायची, तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली अर्ज करता येतो.

ही शहरी चाल आहे, असे कोणी म्हणेल. पण शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनीही आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. गावात शंभर घरांनी असे केले, की ते ‘लक्ष्मीमुक्त गाव’ ठरे. त्यांनी मरणाची वाट पाहिली नव्हती. त्यांच्या लेखी तो कारभारणीच्या कष्टाचा हिशेब होता, आणि तो जिवंतपणीच चुकता करायचा होता. मृत्युपत्राकडेही मी असेच पाहतो. ते मरणाचे आमंत्रण नाही. आपल्यामागे कोणी कोणाच्या दारात हात पसरून उभे राहू नये, याची ती तजवीज आहे.