ऐतिहासिक कागदांची यादी आणि संगणकाची संज्ञाव्यवस्था

जुन्या कागदांच्या याद्या आतां संगणकावर चढूं लागल्या आहेत, आणि पुढील पिढीचा अभ्यासक मूळ दप्तराकडे वळण्यापूर्वीं प्रथम त्या यादींतच शोध घेईल हें उघड आहे. यादींत जें सांपडणार नाहीं तें दप्तरांत नाहींच असें तो समजेल. यादींत जें चुकीचें पडलें असेल तें खरें धरून चालेल. म्हणून यादी करणारानें संगणकास काय सांगावें व कोणत्या शब्दांत सांगावें, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं. या प्रश्नास गेल्या तीस वर्षांत जें एक उत्तर मिळालें आहे त्याची वाचकांस ओळख करून द्यावी, आणि तें आमच्याकडील कागदांस कितपत लागू पडतें हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साधी यादी रकान्यांची असते. व्यक्ति, स्थळ, तारीख, विषय असे रकाने आंखले कीं काम झालें, असा समज असतो. परंतु व्यक्तीच्या रकान्यांत 'बाळाजी' असें लिहिलें असतां तो पत्र लिहिणारा, ज्यास पत्र लिहिलें तो, कीं ज्याविषयीं लिहिलें तो, हें रकाना सांगत नाहीं. शिवाय हा बाळाजी कोण? बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव व बाळाजी जनार्दन हे तीनही इतिहासांत आहेत, आणि त्यांपैकीं शेवटच्या दोघांस लोक 'नाना'च म्हणत. जाणता वाचक मायना, मिति व मजकूर पाहून क्षणांत ओळख पटवितो. संगणकापुढें मात्र तीन अक्षरांखेरीज कांहींच नसतें. अर्थ वाचकाच्या डोक्यांत असतो, यादींत नसतो. आणि यादी वाचकावांचून एकटी फिरूं लागली कीं अर्थ मागें राहतो.

तो अर्थ यादींतच लिहून ठेवण्याची जी पद्धति, तिला इंग्रजींत ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानांतला, जुना. 'जें आहे त्याचा विचार' असा त्याचा अर्थ. संगणकशास्त्रांत तो रुळल्यावर टॉम ग्रूबर यांनीं १९९३ सालीं त्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा कीं, एखाद्या विषयांत आपण कोणत्या वस्तु मानतों व त्यांचे परस्परसंबंध कोणते मानतों हें स्पष्ट शब्दांत मांडणें म्हणजे ऑन्टॉलॉजी. आम्ही यापुढें तिला संज्ञाव्यवस्था म्हणूं. वैशेषिकांनीं द्रव्य, गुण, कर्म इत्यादि पदार्थ मोजले तेंही याच जातीचें काम होतें. पण एवढ्यावरून हें सर्व आपल्याकडे पूर्वींच होतें असें म्हणण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. वैशेषिकांस जगाचें स्वरूप सांगावयाचें होतें. येथें यंत्राकडून एक चूक टाळावयाची आहे. दोन्ही उद्योग सारखे दिसले तरी त्यांची कसोटी निराळी.

या व्यवस्थेंत प्रत्येक विधान तीन पदांचें असतें: कोण, कोणता संबंध, कोणाशीं. 'बाजीराव, पुत्र, बाळाजी विश्वनाथाचा' ही एक त्रिपदी झाली. अशा त्रिपदींचा नमुना आरडीएफ या नांवानें १९९९ सालीं ठरला, व त्यांवरून अनुमान कसें करावें हें सांगणारी आउल नांवाची भाषा २००४ सालीं मान्य झाली. यांतील मर्म असें कीं, प्रत्येक वस्तूस तिच्या नांवाहून वेगळें असें एक ओळखचिन्ह मिळतें. बाजीराव बल्लाळ ही एक व्यक्ति. 'राऊ', 'बाजीराव पंडित प्रधान' हीं तिचीं नांवें. पेशवाई हें पद. तें या व्यक्तीकडे १७२० पासून १७४० पर्यंत होतें. व्यक्ति, नांव व पद या तीन निराळ्या वस्तु झाल्या, आणि 'पेशवे' या एका शब्दाखालीं त्यांची जी खिचडी होते ती टळली.

पण शस्त्र दुधारी आहे. दोन ओळखचिन्हें एकाच व्यक्तीचीं आहेत असें एकदां लिहिलें कीं यंत्र एकाचें सर्व कांहीं दुसऱ्यास देतें. थोरल्या व धाकट्या बाजीरावांस कोणी घाईनें एक केलें तर १७४० सालीं रावेरखेडीस वारलेला पुरुष १८५१ सालीं ब्रह्मावर्तास पुन्हां वारेल. एका मनुष्यास मरण एकच, हा नियम यंत्रास आधीं सांगितला असेल तर तें विरोध दाखवील. सांगितला नसेल तर मुकाट्यानें दोन्ही नोंदी बाळगील. यंत्रास अडाणी म्हणण्यांत अर्थ नाहीं; जें आपणांस सांगण्याची लाज वाटावी इतकें उघड, तेंही त्यास सांगावें लागतें.

इतिहासाच्या कामास सर्वांत उपयोगी अशी संज्ञाव्यवस्था पदार्थसंग्रहालयांच्या जगांत तयार झाली. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची सीडॉक नांवाची एक समिति आहे. वस्तूंची नोंद कशी ठेवावी हा तिचा विषय. तिनें १९९६ च्या सुमारास आरंभिलेला सीडॉक सीआरएम हा नमुना २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, त्याचा क्रमांक २११२७. क्रीटमधील मार्टिन डोर यांचा या कामांत मोठा वांटा आहे. या नमुन्याचें वैशिष्ट्य एका वाक्यांत सांगतां येतें: वस्तूस तारीख नसते, घटनेस असते.

हें वरवर पाहतां विचित्र वाटेल, पण आमच्या दप्तरांत त्याची प्रचीति पदोपदीं येते. एक सनद घ्या. ती मूळ लिहिली गेली ही एक घटना. पुढें वतनाचा तंटा पडला तेव्हां तिची नक्कल झाली ही दुसरी. ती नक्कल घराण्याच्या दप्तरांत राहिली, कालांतरानें संशोधकाच्या हातीं आली, छापली गेली. रकान्याच्या यादींत 'तारीख' म्हणून एकच आंकडा मावतो. तो मूळ सनदेचा कीं नकलेचा हें कोण सांगणार? अक्षर व कागद शंभर वर्षें अलीकडचा आणि मिति शंभर वर्षें मागची, असें दिसलें म्हणजे उतावीळ टीकाकार सनद बनावट ठरवितो. कदाचित् ती बनावट असेलही; परंतु ती केवळ नक्कल असण्याचा संभव यादीनेंच नाहींसा केलेला असतो. सीडॉकच्या पद्धतीनें लेखन, नक्कल, हस्तांतर व मुद्रण या चार घटना होतात, प्रत्येकीस आपापला काळ, स्थळ व कर्ता मिळतो, आणि वाद घालावयाचाच तर तो योग्य घटनेवर घालतां येतो.

मतभेदाच्या नोंदीसाठीं या नमुन्यांत जी सोय आहे ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. शिवछत्रपतींच्या जन्माची मिति हें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण. बखरींच्या परंपरेंतून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, पुढें चालत आला होता. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्धीस आणली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, अशी मिति निघाली, व परमानंदाच्या शिवभारतानेंही तिला दुजोरा दिला. आज ही दुसरी मितीच ग्राह्य धरली जाते. साध्या यादींत नवी तारीख घालतांना जुनी पुसावी लागते, आणि तिच्याबरोबर वादाचा इतिहासही पुसला जातो. सीडॉकच्या नमुन्यांत जन्म ही एक घटना राहते. 'या घटनेस हा काळ अमुक ग्रंथानें किंवा अमुक संशोधकानें दिला' ही त्याहून वेगळी, स्वतंत्र घटना म्हणून लिहितां येते. दोन्ही मितींची नोंद राहते, प्रत्येकीस आपापला आधार चिकटलेला राहतो, आणि कोणती ग्राह्य हें वाचकास आधार पाहून ठरवितां येतें. अनुमानें व त्यांवरील विश्वास यांच्या नोंदीसाठीं सीआरएमइन्फ नांवाची एक पुरवणीही पुढें तयार झाली.

याच मितींत आणखी एक खांच दडलेली आहे, व ती यंत्रामुळेंच धोक्याची झाली आहे. फाल्गुन वद्य तृतीयेस आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतों ती जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची तारीख. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत तेंच पंचांग चालविल्यामुळें त्या आधींच्या तारखा तशाच देण्याचा प्रघात आपल्या पुष्कळ ग्रंथकारांत पडला. नव्या, ग्रेगोरियन पंचांगानें तोच दिवस १ मार्च १६३० होतो. संगणकांतील तारखेचा जो सर्वसामान्य प्रकार आहे तो मात्र मागील सर्व काळास ग्रेगोरियन पंचांगच लावतो. त्यांत १९ फेब्रुवारी १६३० असें जसेंच्या तसें भरलें तर तो निराळाच दिवस होतो, दहा दिवस आधींचा, आणि त्या दिवशीं वार येतो मंगळवार. शकावलींतला शुक्रवार गेला! म्हणजे ज्या वारानें मिति पडताळून पाहावयाची तोच वार यंत्र तिच्याविरुद्ध साक्षीस उभा करील, आणि चूक शकावलीच्या लेखकाच्या माथीं येईल. विकिडेटा या २०१२ सालीं सुरू झालेल्या ज्ञानसंग्रहांत तारखेबरोबर पंचांगही नोंदण्याची सोय आहे. पण सोय असणें निराळें, आणि भरणारानें ती वापरणें निराळें.

पेशवाईंतील कागदांवर तर बहुधा सुहूर सन असतो व तोही अरबी संख्यावाचकांनीं लिहिलेला. 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे तीन, साठ, शंभर व हजार मिळून ११६३. हें वर्ष मृगापासून सुरू होतें, म्हणून तें इ. स. १७६२ च्या जूनपासून १७६३ च्या जूनपर्यंत पसरतें. यास '१७६२' असा एकच आंकडा देणें म्हणजे अर्ध्या वर्षाचे कागद चुकीच्या खणांत टाकणें होय. सीडॉकमध्यें काळास दोन प्रकारच्या मर्यादा देतां येतात: ज्याच्या बाहेर घटना खास घडली नाहीं ती बाह्य, आणि ज्या काळांत ती खास चालू होती ती आंतली. कागदावर नुसता सन असेल तर बाह्य मर्यादा सबंध वर्षाची द्यावी. चंद्राची तारीख मिळाली तर ती आवळावी. जें ठाऊक आहे तेवढेंच सांगण्याची ही शिस्त आमच्या जुन्या संपादकांस अपरिचित वाटली नसती.

आतां शब्दांकडे वळूं. वतन, इनाम, सरंजाम, मोकासा या सर्वांस एका 'देणगी' या सदराखालीं घालण्याची परभाषी यादीकारांस आवड असते. संज्ञाव्यवस्थेंत याचा परिणाम दूरवर पोंचतो. सरंजाम हा इनामाचा पोटभेद आहे असें आउल भाषेंत लिहिलें, आणि इनाम वंशपरंपरेचें असतें असें वर लिहिलेलें असलें, तर यंत्र प्रत्येक सरंजाम वंशपरंपरेचा ठरवील. सरंजाम मूळचा फौज बाळगून चाकरी करण्याच्या अटीवरचा. पुढें व्यवहारांत तो बापामागून लेकाकडे जाऊं लागला हें खरें, पण तो बदल केव्हां व कसा झाला हाच तर अभ्यासाचा विषय. त्याचें उत्तर यंत्रानें व्याख्येंतूनच काढून दिलें तर अभ्यास करावयास उरलें काय? अशा शब्दांसाठीं कडक पोटभेदाऐवजीं 'हा व्यापक, हा संकुचित' एवढाच सैल संबंध जोडणारी स्कॉस नांवाची निराळी पद्धति २००९ सालीं मान्य झाली आहे. तिच्यांतून यंत्रास असें अनुमान काढतां येत नाहीं, आणि येथें तेंच हितावह. रघुनाथ पंडिताचा राज्यव्यवहारकोश दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे वर्ग पाडून थांबतो, नियम घालीत नाहीं. त्यास यंत्रावर आणावयाचें झाल्यास याच सैल पद्धतीनें आणावें.

आउलच्या पद्धतींत एक गोष्ट मात्र संशोधकाच्या मनासारखी आहे. जें लिहिलेलें नाहीं तें खोटें, असें ती मानीत नाहीं. तें केवळ अज्ञात मानते. व्यापाऱ्याच्या हिशेबी यंत्रांत वहींत नसलेला माल नसतोच. ऐतिहासिक दप्तरास तो न्याय लावणें घातक. अमुक स्वारीचा उल्लेख अमुक पत्रांत नाहीं, म्हणून ती झालीच नाहीं, असे युक्तिवाद आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. यंत्र निदान तेवढी चूक आपण होऊन करणार नाहीं.

हें सर्व मान्य केलें तरी श्रमाचा प्रश्न राहतोच. एका सनदेसाठीं चार घटना व वीस-पंचवीस त्रिपदी लिहावयाच्या तर मोडी वाचणारे आधींच थोडे, ते लिहिणार किती? सर्व दप्तर या पद्धतीनें एकदम उतरवावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण एका वर्गाच्या कागदांपासून आरंभ करणें शक्य आहे, व तो वर्ग म्हणजे मिति आहे पण शक नाहीं अशीं पत्रें. अशीं पत्रें आपल्या छापील साधनग्रंथांत विपुल आहेत. संपादकांनीं मजकुरावरून त्यांचे सन अंदाजानें ठरविले आणि पत्रांच्या माथ्यावर छापले. ग्रंथ वाचणारास तो अंदाज आहे हें बहुधा कळे. त्या ग्रंथांवरून यंत्रावर उतरविलेल्या यादींत मात्र तोच सन पत्राचा स्वतःचा म्हणून बसतो. पत्रावर काय आहे तें एका नोंदींत, संपादकानें काय ठरविलें तें त्याच्या नांवानें दुसऱ्या नोंदींत, आणि जंत्री उघडून तिथि, वार व चंद्र पडताळल्यावर काय निघतें तें तिसऱ्या नोंदींत, असें या पत्रांपुरतें जरी झालें, तरी कोणता सन कागदाचा आणि कोणता आमचा हें वेगळें दिसूं लागेल.