बंदूक रिकामी करणें

खंडेनवमीच्या दिवशीं घरांतील शस्त्रें बाहेर काढून पुसण्याची व त्यांस गंधफूल वाहण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. कांहीं घरांतून त्या दिवशीं तलवारीशेजारीं एखादी बारा बोअरची बंदूकही पाटावर येते. भोंवतीं मुलें जमतात, कोणी ती उचलून तिचें वजन अजमावितो, कोणी नेम धरल्याचा आव आणतो, आणि वडील मंडळी निर्धास्तपणें म्हणतात, "भिऊं नका, रिकामी आहे." हें आश्वासन आतांच डोळ्यांनीं पाहून दिलेलें असतें, कीं गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून, हा या विषयांतील मुख्य प्रश्न होय.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस हा विषय आपला वाटत नाहीं. तथापि पालघर जिल्ह्यांतील बोईसर-तारापूर हा एवढासा टापू घेतला, तरी बंदूक किती ठिकाणीं भेटते पाहा. नवापूरच्या शेजारींच १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुवीज केंद्र आहे; त्याचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. बँकांच्या दारांशीं आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवर बंदूकधारी रखवालदार असतात व त्यांच्या पुढ्यांतून रोज शेंकडों माणसें ये-जा करतात. २०२४ सालीं या जिल्ह्यांत मे महिन्यांत लोकसभेची व नोव्हेंबरांत विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या. निवडणूक आली म्हणजे परवानाधारकांची छाननी होऊन अनेकांस आपलीं शस्त्रें पोलीस ठाण्यांत जमा करावीं लागतात. पहारा बदलतांना, ठाण्यांत जमा करतांना, कपाटांत ठेवतांना बंदूक या हातांतून त्या हातांत जाते. आणि नको असलेला बार पुष्कळदां उडतो तो अशाच वेळीं. लढतांना मनुष्य सावध असतो. काम संपल्यावर तो सैल पडतो.

चित्रपट-नट गोविंदा यांचें लहानपण याच जिल्ह्यांतील विरारास गेलें. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहांटे कलकत्त्यास निघण्याच्या तयारींत असतां, मुंबईच्या राहत्या घरीं ते आपलें परवान्याचें रिव्हॉल्व्हर कपाटांत ठेवीत होते. तें हातांतून निसटून खालीं पडलें आणि सुटलेली गोळी त्यांच्या डाव्या पायांत शिरली, असें त्यांच्या व्यवस्थापकांनीं त्या वेळीं सांगितलें. शस्त्रक्रिया होऊन गोळी निघाली व ते बचावले. तेथें चोर नव्हता, भांडण नव्हतें, कोणी चाप ओढला असेंही कोणी म्हटलें नाहीं. शस्त्र भरलेलें होतें, एवढेंच.

आतां रायफलीकडे वळूं. रायफलींत काडतुसें दोन जागीं असूं शकतात, हें ज्यास उमगलें त्यास निम्मा विषय कळला. पहिली जागा मॅगझीनची. ही खालच्या बाजूस लावलेली पेटी सर्वांस दिसते. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या पेटींत दहा काडतुसें राहतात, तर इन्सासच्या पेटींत वीस. दुसरी जागा नळीच्या मुळाशीं असते. उडावयाचें काडतूस तेथें एकटें बसतें. तिला चेंबर म्हणतात. ही जागा बाहेरून दिसत नाहीं, कारण तिच्यामागें बोल्ट नांवाचा पोलादी दांडा दाराप्रमाणें बंद झालेला असतो. बोल्ट मागें ओढला म्हणजे चेंबरांतील काडतूस बाहेर फेंकलें जातें. तो पुढें गेला म्हणजे पेटींतील सर्वांत वरचें काडतूस आपल्यापुढें ढकलून चेंबरांत नेऊन बसवितो. या दुसऱ्या क्रियेचा विसर पडतो, आणि तेथेंच घात होतो.

समजा, एखाद्यानें प्रथम बोल्ट ओढला. एक काडतूस जमिनीवर पडलें. त्यानें बोल्ट पुढें सोडला आणि मग सावकाश मॅगझीन काढून हातांत घेतलें. पेटी हातांत आहे आणि काडतूस पायाशीं पडलेलें आहे. त्यामुळें बंदूक रिकामी झाली अशी त्याची पक्की समजूत होते. वस्तुतः बोल्ट पुढें जातांना नवें काडतूस चेंबरांत गेलेलें असतें, आणि रायफल पूर्वीइतकीच भरलेली असते. हा मनुष्य निष्काळजी म्हणतां येणार नाहीं. त्यानें दोन्ही कामें केलीं; मात्र त्यांचा क्रम उलटा केला.

म्हणून क्रम असा. बोट चापापासून दूर, चापाच्या कड्याबाहेर, लांकडाला लावून ठेवावें. नळीचें तोंड अशा दिशेस असावें कीं जेथें गोळी गेली तरी माणसास लागणार नाहीं. सुरक्षेचा खटका, तो ज्या स्थितींत बोल्ट हलूं देतो त्या स्थितींत आणावा. मग प्रथम मॅगझीन काढून वेगळें ठेवावें, आणि त्यानंतरच बोल्ट पूर्ण मागें ओढावा. पडलेलें काडतूस हवेंतल्या हवेंत झेलण्याची हौस करूं नये. त्या गडबडींत नळी भलतीकडे वळते. बोल्ट मागें धरून चेंबरांत पाहावें आणि करंगळी घालून चांचपावें, कारण अंधुक उजेडांत पितळी बूड आणि काळें भोंक यांत डोळा फसतो. दोन-तीनदां बोल्ट मागें-पुढें करून पुनः पाहावें. ज्या रायफलीची पेटी सुटी निघत नाहीं, तिच्यांत बोल्ट चालवून एकेक काडतूस बाहेर काढावें लागतें. तेथें शेवटचें निघाल्यावर पेटीच्या तळाशींही बोट घालावें.

पोलीस व निमलष्करी दलांत हें काम वाळूच्या पेटीकडे किंवा वाळू भरलेल्या पोत्यांकडे तोंड करून करतात. तपासणी झाल्यावर नळी वाळूकडेच ठेवून चाप दाबतात. क्रम चुकलाच असेल तर गोळी वाळूंत मुरते, आणि शिपायास फार तर वरिष्ठांचीं चार शब्दें ऐकावीं लागतात. घरांत वाळूची पेटी नसते. सिमेंटची भिंत किंवा फरशी हा तिचा पर्याय नव्हे, कारण तेथून गोळी उलटून येते. बावीस बोअरच्या लहानशा गोळीच्या खोक्यावरही ती दीड मैल जाऊं शकते, असा इशारा छापलेला असतो. यावरून मोठ्या रायफलीचा अंदाज करावा.

मोडून उघडणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीचें काम सोपें आहे. कळ दाबतांच नळ्या खालीं झुकतात आणि काडतुसांचीं बुडें समोर दिसतात. रिव्हॉल्व्हरचें चक्र बाहेर काढून त्याचीं सर्व भोंकें रिकामीं झाल्याचें मोजून पाहावें. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी. कोंकणांत शेतीसंरक्षणासाठीं अशा बंदुकांचे परवाने पुष्कळांकडे आहेत. ती भरते तोंडाकडून, आणि त्यामुळें भरलेली आहे कीं नाहीं हें मागून पाहतांच येत नाहीं. प्रथम कानावरील टोपी काढावी, आणि बार उपसण्याचें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें. नळींत फुंकर मारून पाहण्याची जी खोड दिसते, ती पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा आणणारी आहे.

चाप दाबूनही बार उडाला नाहीं, तर लगेच बोल्ट उघडूं नये. कधीं कधीं दारू उशिरां पेटते. निदान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेसच धरून थांबावें. सुरक्षेचा खटका ही उत्तम वस्तु आहे, पण ती झिजते, आणि कांहीं शस्त्रांत ती नसतेच. तिच्या भरंवशावर भरलेली बंदूक भिंतीस टेकून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

नाईल नदीच्या उगमाचा शोध लावणारा इंग्रज प्रवासी स्पीक आफ्रिकेच्या रानांतून सुखरूप परतला. आणि १५ सप्टेंबर १८६४ रोजीं इंग्लंडांत शिकारीस गेला असतां, दगडी कुंपण ओलांडतांना स्वतःच्या बंदुकीचा बार लागून मेला. दुसऱ्याच दिवशीं बाथ येथें त्याचा बर्टनशीं जाहीर वाद व्हावयाचा होता. कुंपण, नाला किंवा शेताचा बांध ओलांडण्यापूर्वीं बंदूक रिकामी करावी, हा नियम आजही नेमबाजीच्या शाळेंत पहिल्या आठवड्यांत शिकवितात.

पालघर जिल्ह्यांतच २०२५ च्या जानेवारीअखेर, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलांत रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींपैकीं एकानें हालचाल पाहून बार काढला. तेथें डुकर नव्हतें, त्यांचाच सोबती होता. तो मरण पावला, आणि कित्येक दिवस प्रेत दडवून ठेवल्यावर पोलिसांस पत्ता लागला. शिकारीची १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें बंदी आहे, हें निराळेंच. हा अपघात बंदूक रिकामी करतांनाचा नव्हे. पण काय आहे तें न पाहतां, असेल असें धरून चालण्याची वृत्ति दोहोंकडे एकच आहे. लग्नांत वा मिरवणुकींत हर्षाचे बार काढणाऱ्यांसाठीं शस्त्र कायद्यांत २०१९ सालीं वेगळें कलम आलें. बेपर्वाईनें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

बंदूक दुसऱ्याच्या हातीं देतांना बोल्ट उघडा ठेवूनच द्यावी, आणि घेणाऱ्यानें आपणही पाहून घ्यावें. देणारा निवृत्त कर्नल असला तरी यांत त्याचा अपमान नाहीं. खरा लष्करी मनुष्य तर न पाहतां घेणाऱ्यावरच रागावतो. घरांत शस्त्र एका कुलुपांत व काडतुसें दुसऱ्या कुलुपांत ठेवावीं, आणि किल्ल्या मुलांस ठाऊक असलेल्या जागीं नसाव्या.

१ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस येथें पन्नास मीटर रायफलींत ब्राँझपदक मिळविल्यापासून नेमबाजी हा मराठी घरांत बोलण्याचा विषय झाला आहे. स्पर्धेच्या मैदानावर नेम धरण्याची वेळ नसतां प्रत्येक शस्त्राच्या चेंबरांत ठळक रंगाचा एक झेंडा घालून ठेवावा लागतो, म्हणजे दहा पावलांवरूनही तें रिकामें असल्याचें दिसतें. एअर रायफलींत तर ही दोरी नळीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आरपार जाईल एवढी लांब लागते. मुलगा वा मुलगी सरावाची रायफल प्रथम घरीं आणील, तेव्हां तिच्याबरोबर ही दोरी आली आहे कीं नाहीं, हें आईबापांनीं त्याच दिवशीं विचारून घ्यावें.