चेपण्यासाठी बांधलेला डबा

अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि भोवतालची शहरे यांना जोडणाऱ्या ‘मेट्रोलिंक’ या उपनगरी रेल्वेच्या ताफ्यात २०१० साली दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई रोटेम कंपनीचे दुमजली डबे दाखल झाले. ‘गार्डियन’ असे त्यांचे नाव. टक्कर झालीच, तर डब्याचा ठरावीक भाग चेपलाच पाहिजे, अशा बेताने हे डबे बांधलेले आहेत. डबा जितका भक्कम तितका प्रवासी सुरक्षित, या रूढ समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

या डब्यांची मागणी नोंदवली गेली ती २००६ साली, एका भीषण अपघातानंतर. २६ जानेवारी २००५ रोजी पहाटे ग्लेनडेल येथे एका इसमाने आपली जीप रुळांवर नेऊन सोडून दिली. मेट्रोलिंकची गाडी तिच्यावर आदळून रुळांवरून घसरली, बाजूला उभ्या असलेल्या मालगाडीवर आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या मेट्रोलिंक गाडीवर धडकली. ११ जण मृत्युमुखी पडले. या अपघातात एक गोष्ट सर्वांच्या नजरेत भरली. मेट्रोलिंकच्या गाडीला इंजिन एकाच टोकाला असते. एका दिशेला जाताना ते गाडी ओढते. परतताना मात्र मागून ढकलते आणि चालक सर्वांत पुढच्या डब्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या केबिनमध्ये बसतो. ग्लेनडेलच्या गाडीचे इंजिन मागे होते. पुढे होता प्रवाशांनी भरलेला डबा.

अमेरिकेत दशकानुदशके नियम असा होता, की डब्याच्या सांगाड्याने लांबीच्या दिशेने ८ लाख पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६० टनांचा दाब कायमस्वरूपी न वाकता सोसला पाहिजे. नियम चुकीचा नव्हता, अपुरा होता. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा टकरीनंतर कुठेतरी खर्च व्हावीच लागते. सर्व डबे सारखेच ताठ असतील, तर सगळा चुराडा पहिल्या डब्याच्या वाट्याला येतो, आणि त्या डब्यात तो कुठे थांबेल याला धरबंध राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका वाहनाचे टोक उचलले जाऊन दुसऱ्यावर चढते, किंवा सरळ त्याच्या पोटात घुसते. रेल्वे अपघातांतील मोठी प्राणहानी बहुधा अशीच होते.

नव्या रचनेत डब्याच्या दोन्ही टोकांना, जिथे प्रवासी बसत नाहीत अशा जागी, मुद्दाम कमी ताकदीचे भाग ठेवले जातात. धक्का बसताच आधी कपलिंग मागे सरकते. त्यामुळे शेजारच्या डब्यांची सपाट टोके एकमेकांना भिडतात आणि एकमेकांवर चढू शकत नाहीत. मग टोकाकडील पोलादी नळ्या ठरलेल्या क्रमाने घडी पडावी तशा चेपत जातात आणि ऊर्जा शोषतात. प्रत्येक डब्याला अशी टोके असल्याने टकरीचा भार पुढचा डबा एकटा वाहत नाही. मागचे डबेही तो वाटून घेतात. मधली बसण्याची जागा मात्र पूर्वीइतकीच ताठ राहते. मोटारीचे बॉनेट चेपते आणि आतला माणूस वाचतो, तोच हा न्याय.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. कोलोरॅडो राज्यातील प्युएब्लो येथील चाचणी केंद्रात अमेरिकी रेल्वे प्रशासनाने खऱ्याखुऱ्या गाड्यांची टक्कर घडवून पाहिली. जानेवारी २००२ मध्ये जुन्या पद्धतीच्या डब्यांची गाडी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने उभ्या गाडीच्या इंजिनावर सोडण्यात आली. पुढचा डबा इंजिनावर चढला आणि त्याचा सुमारे २२ फूट भाग नष्ट झाला. मार्च २००६ मध्ये जवळपास त्याच वेगाने नव्या रचनेच्या डब्यांची परीक्षा झाली. पुढचे टोक सुमारे तीन फूट चेपले, डबा इंजिनावर चढला नाही आणि प्रवाशांची सर्व जागा शाबूत राहिली. या दोन चाचण्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर लेखाची गरज राहू नये.

डबा शाबूत राहिला तरी आतला माणूस पुढे फेकला जातोच. एप्रिल २००२ मध्ये प्लासेन्शिया येथे मालगाडी मेट्रोलिंकच्या गाडीवर आदळली, तेव्हा आसनांमधील टेबलांच्या कडा पोटात घुसून काही प्रवाशांना गंभीर इजा झाल्या होत्या. त्यातून धडा घेऊन दबणाऱ्या कडांची टेबले तयार करण्यात आली. आसनांच्या पाठीही उंच करण्यात आल्या, म्हणजे फेकला गेलेला प्रवासी फार दूर न जाता समोरच्या पाठीवर अडतो.

आपल्याकडील एलएचबी डब्यांतही एकमेकांवर न चढणारे कपलर आहेत, आणि चेन्नईच्या कारखान्याने २०१८ मध्ये जुन्या धाटणीचे डबे बांधणे थांबवले ते याच विचाराने. मुंबईच्या लोकलला मात्र ही कल्पना जशीच्या तशी लावणे कठीण. चेपण्यासाठी जागा रिकामी हवी, आणि सकाळी साडेआठच्या गाडीत मोटरमनच्या पाठीमागच्या भिंतीपासून वीतभरही जागा रिकामी नसते.

नवे डबे येईपर्यंत काळ थांबला नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी चॅट्सवर्थ येथे मेट्रोलिंकची गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. दोहोंचा वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर. २५ जण ठार झाले. या वेळी इंजिन पुढेच होते. तेच सुमारे ५२ फूट मागे पहिल्या डब्यात घुसले. चालक मोबाइलवर संदेश पाठवण्यात गुंतला होता आणि त्याने लाल सिग्नल ओलांडला, असे चौकशीत निष्पन्न झाले. प्युएब्लोच्या चाचणीपेक्षा इथला आघात कितीतरी मोठा होता; अशा टकरीत कोणताही डबा सर्वांना वाचवील, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अमेरिकी काँग्रेसने महिनाभरात कायदा करून सिग्नल ओलांडल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सक्तीची केली. २०१५ ची मुदत लांबत गेली आणि देशभर ती पूर्ण व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. मेट्रोलिंकने मात्र स्वतःच्या मार्गांवर ती २०१५ मध्येच बसवली.

गार्डियन डब्यांची खरी कसोटी लागली ती त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला, ऑक्सनार्ड येथे. चुकून रुळांवर वळलेला ट्रक आणि त्यामागचा ट्रेलर अंधारात मेट्रोलिंकच्या गाडीपुढे आला. पुढे होता चालकाच्या केबिनचा नवा डबा. इंजिन मागून ढकलत होते. तीन डबे आडवे झाले, अनेक प्रवासी जखमी झाले, पण त्यांपैकी एकही दगावला नाही. मृत्यू झाला तो पुढे बसलेल्या चालकाचा, आठवडाभराने रुग्णालयात. प्राणहानी टळण्याचे बरेचसे श्रेय अधिकाऱ्यांनी नव्या रचनेला दिले. मात्र रुळांवरील अडथळा बाजूला सारण्यासाठी डब्याच्या पुढे खाली बसवलेला लोखंडी काउकॅचर या टकरीत तुटला होता. लाल सिग्नलवर गाडी थांबवणाऱ्या यंत्रणेला फाटकावर आडवा आलेला ट्रक दिसत नाही. तेथे उपयोगी पडतो तो हाच भाग. त्यामुळे मेट्रोलिंकने मालगाड्यांची इंजिने भाड्याने घेतली आणि काही काळ ती या डब्यांच्या पुढे जोडून गाड्या चालवल्या.