मोटारसायकलची वीज आणि घरगुती निगा

मोटारसायकल आणि दिल्लीचा परिसर यांचा संबंध जुना आहे. एस्कॉर्ट्स कंपनीच्या ‘राजदूत’ गाड्या याच परिसरात तयार होत असत. १९८५ साली हरियाणातील धारूहेडा येथून ‘हीरो होंडा’ रस्त्यावर आली. येथील हवामान मात्र गाडीच्या विद्युत्-यंत्रणेची कठोर परीक्षा घेते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात सखल रस्ते जलमय होतात आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पसरते. अशा धुक्यात मागील दिवा विझला, तर पाठीमागून येणाऱ्या ट्रकचालकास दुचाकी दिसतच नाही. क्षुल्लक वाटणारा बिघाड तेथे प्राणावर बेततो.

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरता राहिल्यास तारेत विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे याने १८३१ साली दाखवून दिले. इंजिनास जोडलेले जनित्र याच तत्त्वावर चालून बॅटरी भारित करते. बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे ६ घट असून त्यांतील शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. उन्हाळ्यात आम्लातील पाणी उडून जाते व पट्ट्या उघड्या पडतात. म्हणून झाकणे असलेल्या बॅटरीतील पातळी दरमहा पाहून, खुणेपर्यंत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांस घातक ठरतात. मोहोरबंद बॅटरी मात्र कधीही उघडू नये.

दुसरा शत्रू ओलावा. अग्रांवर साचणारी पांढरी-हिरवी भुकटी प्रवाहास विरोध करते. परिणामी दिवे मंदावतात व सांधे तापतात. स्वच्छतेसाठी प्रथम ऋण तार सोडवावी. गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण अग्रास जोडलेला असतो. धन तार आधी सोडविताना पाना सांगाड्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भुकटी पुसावी, अग्रे कोरडी करावीत, उलट क्रमाने तारा घट्ट आवळाव्यात आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा.

फ्यूज वारंवार जाऊ लागला, की त्याच्या जागी जाड तार बसविण्याचा मोह अनेकांस होतो. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला दुर्बल दुवा आहे. प्रवाह मर्यादेबाहेर जाताच तो स्वतः वितळून इतर तारांना वाचवितो. हा दुवा बळकट केला, तर वितळण्याची पाळी तारांच्या वेष्टनावर येते, आणि पेट्रोलची टाकी तेथून हातभरच अंतरावर असते. यास्तव तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही गेला, तर तार कोठे खरडली आहे ते शोधावे. हँडलच्या वळणाशी व बैठकीखाली तारा विशेष घासतात.

इतके करूनही निघण्यापूर्वी पुढील, मागील व ब्रेकचा दिवा एकदा लावून पाहावा. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.